पिंजाऱ्याची चटई

"कुपनवर काय लिखू? दरसालनं तेच?" पोस्टातल्या पितांबरबाबूंनी टाक दौतीत बुचकळत विचारलं.

"तेच लिखा, बाबू," खिडकीबाहेरून बशीर पिंजारी म्हणाला. "मानमोडी गादीमाईन येस का? अन् अब्बा-अम्मीनं नाव बी लिखा."

मनिऑर्डरीच्या त्या चिंचोळ्या कुपनावर बाबूंनी सलग सातव्या वर्षी तोच प्रश्न उतरवला. पैसे जायचे मुंबईला, तापांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेला. परत यायची ती छापील पावती. उत्तराचा पत्ता नव्हता.

एकोणीसशे अठरा साली मानमोडीची साथ आली तेव्हा बशीर अकरा वर्षांचा होता. गल्लीतला एक व्यापारी त्या तापानं गेला आणि घरच्यांनी त्याची गादी पिंजायला काढली. चार दिवस थांबू, असं बाप म्हणाला होता. पण मजुरी दुप्पट मिळणार होती. बशीरनं शहाणपणा केला आणि गादी डोक्यावर घेऊन घरी आला. आणलीच आहे तर, म्हणून बापानं ती पिंजली, आईनं शिवली. आठवड्याच्या आत दोघंही गेली. तसं त्या दिवसांत गावात घरोघरी माणसं जात होती, ज्यांनी कापसाला हातही लावला नव्हता तीसुद्धा. पण हे बशीरला कोण समजावणार? आपणच आईबापाला मारलं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी त्यानं दवाखान्याच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, तर त्यांनी हात वर केले. "ते अजून कुणालाच ठाऊक नाही," ते म्हणाले. "मुंबईत शोध चाललाय. त्याला पैसा लागतो." बशीरनं तेवढंच धरून ठेवलं.

तेव्हापासून दर हंगामात तो नंदुरबारच्या जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी झोळी पसरून उभा राहायचा. कापसाच्या प्रत्येक गाडीमागे मूठभर कापूस मागायचा, विकायचा आणि येईल ते मुंबईला धाडायचा. ब्राह्मणपुरीचे शेतकरी करणसिंग दर वर्षी गाडी थांबवून त्याची फिरकी घेत.

"काय रे पिंजारी, लोके बापनी बरसीले गाव जेवाडतस. तू मुंबईना डॉक्टरेसले पोसी ऱ्हायना!"

"जेवण त्येस्ले पोचस का नही, माले काय मालूम, भाऊ? मुंबईना जबाब मन्हापावत ते पोची!"

करणसिंग हसत, पण त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. मुठीऐवजी ओंजळ टाकत.

निम्म्या गावाच्या लग्नातल्या गाद्या बशीरनं भरल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र गादी नव्हती, उशीही नव्हती. चटईवर झोपायचं आणि हात उशाला घ्यायचा. ही शिक्षा त्यानं आपली आपणच ठरवून घेतली होती. बायको रजिया हिच्यासोबत खांडबाऱ्याच्या माहेराहून आलेली गादी त्यानं दुसऱ्याच दिवशी परत पोचवली. बिचारीनं काय गुन्हा केला होता? पण दहा वर्षं तीही चटईवरच झोपत आली.

त्या वर्षी पावतीसोबत टाइप केलेला एक कागद आला. पितांबरबाबू स्वतः तो घेऊन गल्लीत आले. बशीरची कापूस पिंजायची धुनकी थांबली. रजिया दाराआड येऊन उभी राहिली. बाबूंनी ते इंग्रजी दोनदा मनातल्या मनात वाचलं. 'नही येस' म्हणून टाकावं, असं त्यांना वाटून गेलं. कोण तपासायला बसलंय? पण कागदात नसलेलं वाचून दाखवायला त्यांची जीभ रेटेना.

"आजूनपावत खात्रीनं सांगता येत नही," ते म्हणाले. "शोध चालू शे."

"हो म्हनेल नही ना?"

"नही."

"अन् नही बी म्हनेल नही."

"नही, भाऊ."

बशीरनं बाहीनं डोळे पुसले. अठरा वर्षं त्याला त्या 'हो'ची धास्ती होती. निदान ते तरी आलं नव्हतं.

बाबू गेल्यावर रजियानं भीत भीत विचारलं, "मंग आते तरी गादी भरूत का?"

त्यानं धुनकी खुंटीला टांगली.

"उशी भरूत," तो म्हणाला. "गादीनं पुढला साल देखूत."

रजियानं लगबगीनं पेटीतून दोन खोळी काढल्या. बशीरनं एक घेतली, हलक्या हातानं भरली, तोंड शिवलं आणि तिच्या हातात दिली. दुसरी, स्वतःच्या वाटची, घडी करून परत पेटीत ठेवली.