पदराचे धागे

"लोकायले त्याच्याजवळ नेऊन सोड, फुलवंता. अन् मंग तू बाजूले सरक. मधात उभी नोको राहू."

धुरपताबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी सकाळची प्रार्थना आटोपून फुलवंता उठली की तिचे हे शब्द कानी येत. धुरपताबाई मिशनची जुनी प्रचारिका. गावोगाव पायी हिंडून येशूची गोष्ट सांगणारी. वांझ म्हणून सासरच्यांनी हाकलून दिलेल्या फुलवंताला तिनंच गोंदियाला आणलं, अक्षरं शिकवली, आणि शेवटच्या दुखण्यात आपली चित्रांची गुंडाळी तिच्या हाती दिली.

तेव्हा फुलवंताला येशूवाचून काही सुचत नसे. धानाच्या बांधांवरून चालताना ती त्याच्याशी बोलत जाई, सोबत कुणी असावं तशी. आता नेम सगळे चालू होते. पहाटेची प्रार्थना चुकत नव्हती, शुक्रवारचा उपास चुकत नव्हता. पण डोळे मिटले की समोर रिकामं वाटे. कुठल्या वळणावर त्याची सोबत सुटली, तिला काही केल्या आठवेना.

सन चौतीसच्या हिवाळ्यात एके दिवशी ती छोट्या रेल्वेगाडीनं सौंदडला उतरली. तिथल्या ओळखीच्या रुख्माच्या अंगणात नेहमीच्या बाया जमल्याच होत्या.

"काऊन वो बाई, आज उशीर?" जमुनाबाईनं विचारलं. "वाटेत इंजनालेच गोष्ट सांगत बसली होतीस का?"

बाया खिदळल्या. फुलवंताही हसली. घोंगडी अंथरलेली, लोटाभर पाणी ठेवलेलं. जगात आपली वाट पाहणारं एवढं एकच अंगण आहे, असं तिला दर वेळी वाटे.

तिनं चित्र उलगडलं. गर्दीतून वाकून येशूच्या वस्त्राचं टोक धरणारी बाई. "बारा वर्षं दुखणं होतं हिले..." तिनं सुरुवात केली.

"थे माहीत हाये आमाले," जमुनाबाई म्हणाली. "तुही सांग. सासूनं कशी हाकलली थे."

आणि फुलवंतानं सांगितलं. नेहमीसारखंच. भर दुपारी दाराबाहेर फेकलेलं गाठोडं, अनवाणी पाय, मिशनच्या दवाखान्यातली खाट. बायांनी डोळे पुसले. सांगता सांगता तिच्या खांद्यामागं हलकीशी ओढ लागली. तिनं वळून पाहिलं. रुख्मा तिच्या पांढऱ्या पदराच्या काठातून एक धागा ओढून काढत होती.

"हे काय करून राहिली, रुख्मा?"

रुख्माला लाज नव्हती की भीती. तिनं मांडीवरच्या पोरीचं मनगट पुढं केलं. त्यावर तसलाच पांढरा धागा होता. "ताप उतरत नोहता पोरीचा. तुह्या पदराचा धागा बांधला, उतरला. चार घरी देल्ला म्या. तूनंच तं सांगतलं ना, पदराले हात लावला अन् बाई बरी झाली!"

"थो त्याचा पदर होता, बाई. माहा नोहे."

"थो कुठं भेटते आमाले?" रुख्मा साधेपणानं म्हणाली. "तू भेटतेस."

पदर विरत चालल्याचं फुलवंताला ठाऊक होतं. दिवाळीच्या सुमारास एकदा अशीच ओढ लागली होती, आणि तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं. ती ओढ गोड लागली होती. ज्या बाईला कुणी आपल्या पोराला शिवू दिलं नाही, तिचा पदर आता बाया पोरांसाठी मागत होत्या.

"बरं," ती हळूच म्हणाली, "थो येशू कसा होता, सांगा बरं मले."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. फुलवंताच्या सासूचं नाव त्यांना पाठ होतं. हाकललं त्या दिवशीच्या लुगड्याचा रंगही ठाऊक होता.

"चांगला होता," रुख्मा म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तुले आसरा देल्ला त्यानं."

फुलवंतानं चित्र पुन्हा सरळ केलं आणि त्याची गोष्ट सांगू लागली. तो घाईत होता, कुणाची तरी मुलगी मरणाच्या दारी होती, तरी एका गरीब बाईसाठी भर रस्त्यात थांबला. मला कुणी शिवलं, म्हणून विचारत राहिला. ती थरथरत पुढं आली, तर रागावला नाही. सगळ्यांदेखत तिला लेक म्हणाला. त्या शब्दापाशी आपलं काही सांगायला फुलवंताची जीभ वळवळली, पण तिनं चित्र गुंडाळायला घेतलं.

"आज काई रंग नाही आला, बाई," म्हणत जमुनाबाई उठली. तिच्यामागं एकेक करून बाकीच्याही गेल्या. फुलवंता त्यांच्या पाठी पाहत बसली. पुढच्या खेपेला घोंगडी अंथरलेली असेल की नाही, कोण जाणे.

रुख्मा तेवढी बसून होती. "हा धागा मायसाठी काढला होता," ती म्हणाली. "तुह्या गोंदियाजवळ बिरसीले राह्यते. धाप लागते, उठवत नाही. तिले लेक म्हणणारं आता कोणी उरलं नाही."

"मी जाईन तिच्याकडं."

"धागा घेऊन?"

"नाही. त्याची गोष्ट घेऊन. माही नाही सांगणार, त्याचीच सांगीन. शब्द देते तुले."

रुख्मानं तिच्याकडं नीट पाहिलं. "मोठ्यानं सांगजो, कमी ऐकू येते तिले. अन् तुही सासू तिले नोकोच सांगू. तिले तिचीच लय झाली होती."

तिसऱ्या दिवशी पहाटे गोंदियातल्या आपल्या खोलीत फुलवंता गुडघ्यांवर बसली. डोळ्यांसमोर आजही कुणी आलं नाही. पण किती तरी दिवसांनी त्याचं नसणं तिला दुखत होतं. ती तशीच बराच वेळ बसून राहिली. मग उठली, दाराला कडी घातली, आणि कुणाला न सांगता, दंवानं ओल्या बांधांवरून बिरसीच्या वाटेला लागली.