काच पुसली का, काका?

मी जुना वायपर आहे, मित्रांनो. बसच्या पुढच्या काचेवर पावसात हात हलवत असतो ना, तोच. पण आता मी बसवर नाही. एका स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. बाहेर पाऊस बसलाय, खिडकीची काच वाफेने पांढरीफटक झालीय, आणि कालपासून मला कुणी हात लावलेला नाही. म्हणून माझं डोकं फिरलंय. वायपर चिडून चिडून काय करणार, असं वाटत असेल तुम्हाला. काहीच नाही करू शकत. सांगू शकतो फक्त. तर ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाची पट्टी कापली, वाकवली, काळा रंग फासला, खाली रबर सरकवलं, झालो मी. माझ्या आधी त्याच पट्टीतून माझा भाऊ कापला, म्हणून तो थोरला. आम्हाला एका खोक्यात घालून बस डेपोत पाठवलं. तिथल्या मिस्त्रीने मला ड्रायव्हरसमोर बसवलं आणि थोरल्याला दाराच्या बाजूला. दोघांची बटणं वेगळी. एकाला बंद ठेवून दुसरा चालवता यायचा. हे लक्षात ठेवा, यावरूनच पुढे सगळं झालं.

ऊन असलं की वायपरला कुत्रं विचारत नाही. काचेला चिकटून भाजत पडायचं, धूळ खायची, पाखरांनी अंगावर केलेलं सहन करायचं. स्टँडवरची पोरं मला खेचून उभं करायची आणि फाटकन सोडून द्यायची. लागायचं मला. त्यात तुमच्यापैकी कुणी असेल तर आता तरी लाज वाटू द्या.

एकच माणूस मला नीट वागवायचा. आमचा ड्रायव्हर. त्यांना सगळे रेडिओकाका म्हणायचे, कारण ते बंदच व्हायचे नाहीत. रोज सकाळी फडक्याने माझं रबर पुसायचे आणि मग दिवसभर, बाहेर जे दिसेल ते मागे ओरडून सांगायचे. "पुढे खड्डा येतोय मंडळी, आपला जुना पाहुणा आहे, मान हलवून घ्या." "बघा, कोपऱ्यावर नवीन दुकान उघडलं. आपल्याला बोलावलं नाही, लक्षात ठेवा." लोक हसायचे. आमची कंडक्टरताई तिकिटं फाडता फाडता म्हणायची, "काका, स्टेशन बदला जरा, कान दुखले."

"कान दुखले तर कापूस घाल पोरी, माझा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत आहे."

असं चाललं होतं. मग तो पाऊस आला.

सर आली, गेली, असला पाऊस नव्हता तो. आगाऊ पाहुण्यासारखा येऊन बसला आणि उठेचना. सकाळ कुठली, दुपार कुठली, काही कळायचं नाही, सगळं भांड्यावरच्या राखेसारखं. बसच्या सीटा दमट, माणसांच्या कपड्यांना कुबट वास, छत्र्यांचं पाणी सगळ्यांच्या चपलांत. आणि मी आपला जा-ये, जा-ये. झिजून झिजून माझ्या रबराची कड फाटली. फाटली की वायपर किरकिरतो. दाताखाली खडा यावा तसा आवाज, प्रत्येक फेरीला.

रेडिओकाकांनी मिस्त्रीला सांगितलं, "याचं रबर बदला हो."

"होईल," मिस्त्री म्हणाला.

परत सांगितलं. "होईल." या माणसाचं नावच डेपोत होईलमिस्त्री पडलं होतं. ब्रेक? होईल. दिवा? होईल. त्याच्यासमोर आग लागली असती तरी तो म्हणाला असता, विझेल.

आणि इकडे रेडिओ बंद पडत चालला होता. एकदम नाही. आधी खड्ड्याचे विनोद गेले. मग दुकानांचं काही बोलायचे, तेही गेलं. मग कुणी काही विचारलं तर नुसतं "हं". शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले की काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. काकूंनी दिलेला डबा तसाच परत जायचा. मित्रांनो, मी बाहेर होतो पण मध्ये काचच होती फक्त. त्यांचं तोंड माझ्याइतक्या जवळून कुणी बघत नव्हतं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही, असं ते तोंड होतं.

लोकांनी काय केलं? बसमध्ये एक चष्मेवाले मास्तर यायचे. ते म्हणाले, "काय रेडिओकाका, सेल संपले वाटतं?" सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मग कुणी विचारलं, घरी काही झालंय का. काका म्हणाले, "नाही हो. सगळं ठीक आहे." आणि खरंच काही झालं नव्हतं. हेच कुणाला पचेना. कुणी मेलं असतं, घर पडलं असतं, तर लोकांनी च्च च्च केलं असतं. काहीच झालेलं नाही आणि माणूस आतून बुडतोय, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मास्तर म्हणाले, "पाऊस काय तुमच्या एकट्यावर पडतोय? आम्ही बसलोय का तोंड पाडून?" मागून एकजण म्हणाला, गरम चहा घ्या, सगळं जातं.

चहा. चहा पाजून माझं रबर सांधलं गेलं असतं का? माझ्या हातात असतं ना, तर मास्तरांचा चष्मा मी असा पुसला असता की परत घालायला उरला नसता.

मग एके दिवशी काकांनी माझं बटण बंद केलं. भर पावसात. थोरला चालू, मी बंद. म्हणजे रिकाम्या बाजूची काच लख्ख आणि गाडी चालवणाऱ्याच्या समोर नुसता पाण्याचा पडदा. त्या दिवशी थांबा आल्यावर लावलं परत. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बंद. मी आतून धडपडत होतो, पण बटणाशिवाय मी म्हणजे लोखंडाची काडी. आणि हे कुणालाच दिसत नव्हतं. सगळे मोबाईलमध्ये, नाहीतर झोपेत.

पुलावर घडलं ते. नदी फुगलेली, पूल अरुंद. ताई तिकिटं संपवून पुढे आली आणि तिने काच बघितली.

"काका, वायपर लावा."

"किरकिरतो तो. डोक्यात जातं."

"अहो पण दिसतंय का तुम्हाला?"

"काय दिसायचंय पोरी. तेच ते."

ताईने पुढचं ऐकलं नाही. वाकून स्वतःच बटण दाबलं. मी एकच हात मारला, काच फाडल्यासारखा, आणि समोर हातगाडी. अगदी समोर. रिकाम्या बाटल्यांचे खोके, वर प्लास्टिक, आणि ढकलणारा माणूस मान खाली घालून. ताई ओरडली, काकांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. गाडी थांबली तेव्हा माझ्यात आणि त्या माणसात हातभर जागा होती.

तो वळला. भिजून चिंब झालेला, थरथरणारा. त्यालाही पाऊस पुरे झाला होता. "डोळे घरी ठेवून आलायस का रे?" म्हणत त्याने काचेवर बुक्की मारली आणि हाताला आलो तो मी. मला धरून असं पिरगाळलं की माझी कंबर वाकली ती वाकलीच. त्याच्यावर माझा राग नाही, मित्रांनो. त्या दिवशी बरोबर रागावलेला तो एकटाच होता.

बसमध्ये कालवा. मास्तर म्हणाले, "नाव लिहून घ्या याचं, तक्रार करू." काका खाली बघत होते. हात स्टिअरिंगवर आणि खांदे हलत होते. तेव्हा मागच्या सीटवरची नर्सबाई पुढे आली. रोज यायची, कधी बोलायची नाही.

"किती दिवस झाले झोप लागून?" तिने काकांना हळूच विचारलं.

"लागत नाही," काका म्हणाले. "लागली तर उठावंसं वाटत नाही."

"हे आजारपण आहे काका. आळस नाही, नाटक नाही. तुमचा पाय मोडला असता तर चालवली असती का बस?"

"पाय मोडला असता तर बरं झालं असतं. लोकांना दाखवता तरी आला असता."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

डेपोत ताईने मला काढून हातात घेतलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली. होईलमिस्त्री तिथेच उभा होता. तिने माझं फाटकं रबर त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे कधीपासून सांगत होते काका?"

"अगं, होई..."

"होईल म्हणालात तर हाच डोक्यात घालीन."

साहेब म्हणाले, "ताई, बसा. पावसात सगळ्यांनाच जड वाटतं. म्हणून काय गाडी अशी चालवायची? मला कारवाई करावी लागेल."

"करा. पण आधी रजा द्या. पाय मोडला असता तर दिली असतीत."

"पाय दिसतो, ताई."

"हेही दिसत होतं. रोज दिसत होतं साहेब. आपण सेल संपले म्हणून हसत होतो."

रजा मिळाली. ताई स्वतः काकांना घरी सोडायला निघाली. मला भंगारात टाकायला कुणीतरी उचललं, तर काका म्हणाले, "तो नका टाकू. माझ्यामुळे वाकलाय." असा मी या घरात आलो.

काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या मिळाल्या, मनातलं बोलायला एक समुपदेशक बाई मिळाली. आणि सांगितलं, सकाळी उठून उजेडात बसायचं, उजेड कितीही मळका असला तरी. गोळी घेतली आणि लगेच ऊन पडलं, असलं काही झालं नाही. काका बरेच दिवस भिंतीकडे तोंड करूनच होते. नातेवाईक यायचे, "अरे, मन रमव" म्हणायचे आणि फराळ करून जायचे. मन काय पत्त्यांचा डाव आहे, रमव म्हटलं की रमलं?

मग एका सकाळी काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "अहो, ही काच पुसा जरा. रस्त्यावर कोण आलंगेलं काही कळत नाही मला."

काका उठले. फडकं सापडेना, मी सापडलो. त्यांनी मला विटेने ठोकून सरळ केलं, पण फाटक्या रबराने काच पुसली जाईना. त्याच आठवड्यात होईलमिस्त्री दारात उभा. आत येईना. खिशातून नवं रबर काढलं, "आणलंय," म्हणाला आणि जिना उतरून गेला. चहालाही थांबला नाही.

काकांनी नवं रबर बसवलं आणि मला काचेवर फिरवलं. आतून वाफ पुसली, मग हात बाहेर काढून पाणी. आणि बघत उभे राहिले. किती वेळ. काकूंनी नळ बंद केला. मग काका म्हणाले, "समोरच्या गॅलरीत कुणीतरी चादर वाळत घातलीय. या पावसात. काय हिंमत आहे माणसाची."

काकू भांड्यात तोंड घालून हसल्या. की रडल्या, मला दिसलं नाही, हात साबणाचे म्हणून डोळ्यांना लावलेच नाहीत.

तेव्हापासून ठरलं. पाऊस लागला की सकाळी काच पुसायची आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. पहिली फेरी सुरू करायच्या आधी ताईचा फोन यायचा, "काच पुसली का, काका?" हळूहळू काका बसवर परत गेले. दोघांच्या बस आता वेगळ्या, पण फोन चुकला नाही. आणि हेही ठरलं, की पावसात एक सकाळ काच तशीच राहिली तर काकूंनी ताईला कळवायचं. कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे परत येऊ शकतं. लवकर धरलं तर लवकर सुटतं.

आता कळलं मी का चिडलोय? काल काका "उद्या पुसतो" म्हणून पांघरुणात शिरले. ताईच्या फोनला काकूंनी सांगितलं, "आंघोळीला गेलेत." आणि मी खिळ्यावर. काकू, ठरलं होतं ना आपलं? लोकांना काय वाटेल याची लाज वाटते, मला समजतं. पण ही कसली लाज, जी घरातल्या माणसाला बुडू देते?

थांबा. काकू आल्यात. माझ्याकडे बघतायत. पदराला हात पुसून त्यांनी फोन उचललाय.

"ताई, मी काल खोटं बोलले. काच पुसलेली नाही."

ताई आली तेव्हा छत्रीतून ओघळ वाहत होते. चप्पलसुद्धा धड काढली नाही.

"आज नको पोरी," आतून काकांचा आवाज आला.

"तुम्ही नका पुसू. मी पुसते. तुम्ही नुसते इथे येऊन बसा. बसून झोपा हवं तर. दुपारी आपण डॉक्टरांकडे जातोय, काकूंनी विचारून ठेवलंय."

काका आले. पांघरुणासकट. ताईने मला उचललं आणि काचेवर असं काही फिरवलं की सगळे पट्टे पट्टे उठले. तिकिटं फाडायचं काम आहे तिचं, तिला काय येतंय.

काका बराच वेळ बघत होते. मग पांघरुणातून हात बाहेर आला.

"तसं नाही. वरून खाली. आण इकडे."

मित्रांनो, जाता जाता एवढंच. वायपरची काळजी पाऊस यायच्या आधी घ्यावी, रबर तपासावं, बिघडलं तर बदलावं. आणि तुमच्या घरात, वर्गात, बसमध्ये कुणाचा रेडिओ बंद पडला, तर सेल संपले म्हणून हसू नका. कारण विचारत बसू नका, कधीकधी ते नसतंच. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि ज्याला कळतं त्याला बोलवा. त्याच दिवशी. उद्या नाही.

काकांनी मला वरून खाली ओढलं आणि मी किरकिरलो.

"कड गेली याची," काका म्हणाले. आज सकाळपासूनची त्यांची ही पहिली बातमी. "रबर बदलायला झालंय."

ताईने लगेच मिस्त्रीला फोन लावला. पलीकडून तो काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही. पण "होईल" म्हणाला नसणार, कारण ताई म्हणाली, "या मग. जिन्यातूनच पळू नका, आज चहा घेऊन जा."