सोमवारच्या आधीचा फोटो

निशाने कपाळावर हात मारून घेतला. "काकी, अंगण मोकळं ठेव, एवढं एकच सांगितलं होतं ना मी?"

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, खाली जुन्या जाळ्यावर सुकट पसरलेली आणि वर सात-आठ घारी घिरट्या घालतायत. मधोमध नवं लुगडं नेसून हौसाकाकी उभी, एकदम खूश.

विमानतळाच्या जागेत गेलेलं हे घर सोमवारी पडणार होतं. नव्या फ्लॅटच्या भिंतीवर लावायला काकीला घराचा वरून काढलेला फोटो हवा होता, आणि ड्रोन उडवणारी घरात एकटीच, खारघरची पुतणी निशा. मंगळवारी येऊन तिने विजेच्या तारा बघून ठेवल्या होत्या. ड्रोन परत येण्याची उंची मोबाइल टॉवरच्या वर ठेवली होती. पोलिस ठाण्याचा कागद शनिवारी सकाळी सात ते आठ एवढ्यापुरताच होता, आणि तिलाही तीच वेळ हवी होती, कारण तिरक्या उन्हात कौलांची ओळ न् ओळ उठून दिसते. सगळा हिशेब केला होता, फक्त काकीचा राहिला होता.

"मासळीला घारी येतात आणि ड्रोनवर झडप घालतात. पंखा तुटला तर ड्रोन थेट कोणाच्या तरी डोक्यात!"

"मंग काय रिकाम्या आंगनाचा फोटू काढशील? होरी इकून दोन वरसा झाली. बोंबील शेजारनीकडशी मागून आनलेत, फोटूसाठी."

निशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होडी विकलेली, आणि फोटोसाठी उसने बोंबील! तिने रागारागाने ड्रोन वर नेला. तीस मीटरवर एक घार सरळ अंगावर आली, म्हणून घाईने खाली घेतला. दुसऱ्या खेपेला काकीच बांबू घेऊन धावली आणि "हाऽड! हाऽड!" करत अंगणभर नाचायला लागली.

"काकी, बाजूला हो!" निशा ओरडली, पण ऐकतंय कोण? तेवढ्यात बटण दाबलं गेलं. फोटो हललेला, घर कोपऱ्यात ढकललेलं, मधे बांबू उगारलेली काकी, तिचाही चेहरा दिसत नाही.

"हा फुकट गेला," निशा म्हणाली. "आता एकच बॅटरी उरलीय."

काकीने बांबू भिंतीला टेकवला, सगळी मासळी उचलली आणि ती घेऊन आत गेली. थोड्या वेळाने घारी खाडीकडे निघून गेल्या. मग मात्र निशाने सावकाश फोटो काढले. क्षितिज सरळ, कौलं लालबुंद, मागे चकाकती खाडी. इतका सुंदर फोटो तिने आजवर काढला नव्हता. उगाच ओरडले काकीला, असंही तिला वाटून गेलं.

ओटीवर काकीचे यजमान, तुळशीरामकाका चहा पीत बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि निशाने पुढे केलेला टॅब जवळ घेऊन, लांब धरून फोटो नीट पाहिला.

"झकास काढलास, बाय," ते म्हणाले. "पन यो घर कोनाचा? आंगनान ना बोंबील, ना हौसा."

आठ वाजून गेले होते. निशाला स्वतःचाच राग आला, आणि तिने टॅबवर बांबू उगारलेल्या काकीचा तो हललेला फोटो उघडला.