डेल्सीची दोरी

मिठबावात कुठलीही वस्तू एक माप मोठी घेतात. शाळेचा गणवेश, चपला, लग्नाचा सूट. माणूस कधी ना कधी त्यात बसतोच, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे आंबे पिकवायच्या नव्या वातानुकूलित खोलीत हवेच्या झडपेला मोटर निवडायची वेळ आली, तेव्हा बागेचे मालक कुस्तोदियो यांचं मत आधीच तयार होतं.

“मोठी घे गो. वाढत्या आंगाची.”

“पापा, झडप वाढणा नाय,” त्यांची लेक इझाबेल म्हणाली.

उमेदीची वर्षं मुंबईत लोकांची ऑफिसं थंड करून ती परतली होती. बापाने तिला एक हंगाम दिला होता. पहिली खेप बिघडली, तर बाग कराराने मितेश दलालाकडे जाणार होती. मितेश माणूस वाईट नव्हता. तो फक्त रोज येऊन चौकशी करायचा.

खाऱ्या हवेत झडपेची पाती अडकतात, म्हणून तिने हिशेबापेक्षा थोडी जोरदार मोटर घेतली. कुस्तोदियोंनी हा स्वतःचा विजय मानला. मोटरमध्ये स्प्रिंग होती. वीज गेली की स्प्रिंग झडप बंद करते, असं कॅटलॉगात छापलेलं. थंड देशात ते बरोबरच असणार. ऑफिसांतही तिने तसंच बसवलं होतं. सवयीने ती स्टुलावर चढली, आणि भिंतीत वर गंजलेली कप्पी दिसली.

ही खोली म्हणजे जुनी आढीची जागा. इथे गवतात आंबे पिकत. वरच्या खिडकीच्या फळीला एकीकडे दगड, दुसरीकडे दोरी. दोरीचं टोक स्वयंपाकघरात, इझाबेलची आई डेल्सी होती तोवर तिच्या हाताशी.

“पापा, ममाची दोरी सुटली काय फळी बंद जाय की उघडी?”

“उघडी. एकदा पावस आत इलो, मी आरडलंय. तर माका म्हणता, भिजललो आंबो पुसूक येता, गुदमरललो नाय.”

इझाबेलने मोटर उलटी फिरवून बसवली. आता वीज गेली की स्प्रिंग झडप उघडणार होती.

खेप आत गेली आणि चार दिवसांनी भर दुपारी वीजही, परंपरेप्रमाणे, गेली. यंत्र गप्प झालं. भिंतीआड स्प्रिंग करकरत उलगडली, पाती उघडली, आणि हापूसचा वास अंगणात आला.

कुस्तोदियो आरामखुर्चीत होते. डोळे न उघडता म्हणाले, “डेल्सीन दोरी सोडल्यान.”

वीज संध्याकाळी आली. आठवड्याने पेट्या उघडल्या, तेव्हा त्यांनी पहिला आंबा उभ्यानेच खाल्ला, कोय चोखून पांढरी केली आणि मितेशला फोन लावला.

“बागेसाठी नको रे. आंबो खावक ये.”

मग इझाबेलकडे वळले. “फुडच्या वर्सा दुसरी खोली बांधूया. मोटर मात्र मोठी घे.”