ताशी ब्याण्णव

श्यामकांतांची स्तुती करायला श्यामकांत पुरेसे आहेत, हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं. बाकी सगळ्या बाबतीत माणूस अबोल, पण वेगाचा विषय निघाला की थांबत नसत. कॉलेजात असताना कात्रजच्या घाटातून त्यांनी सायकल सोडली होती ती ताशी साठने. शेजारून मोटारसायकलवर चाललेल्या मित्राने आकडा ओरडून सांगितला होता म्हणे. तेव्हा मैलांचा जमाना होता, पण किलोमीटर केले की आकडा मोठा दिसतो, म्हणून हे किलोमीटरच सांगत. पुढे नागपूरला स्कूटरवर ऐंशी. मग एकाहत्तर साली कलकत्त्याला बदली झाली आणि यांनी एक जुनी फियाट घेतली.

मला वेगाची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. ट्रामसुद्धा मला जरा जोरातच जाते असं वाटतं.

कलकत्त्यात गाडी पळवायला जागा कुठे? पण उल्टाडांग्याला आमच्या घराजवळून विमानतळाकडे जाणारा नवा रुंद रस्ता सुरू व्हायचा. एका बाजूला कालवा आणि त्यापलीकडे सॉल्ट लेकची भर घातलेली वाळू, नुसती वाळू. रविवारी सकाळी सहाला तो रस्ता जवळजवळ मोकळा असे. दर रविवारी आम्ही तिघं डमडमला विमानं बघायला जायचो. म्हणजे विमानं लीना बघायची, वेग श्यामकांत बघायचे आणि मी मागच्या सीटवर डोळे मिटून रामरक्षा म्हणायची.

लीना आमची एकुलती एक, नऊ वर्षांची. ती पुढे बसायची. बापलेकीचा एक खेळ होता. गाडीने वेग घेतला की हे विचारायचे, किती? लीना काट्याकडे बघून आकडा सांगायची. गेल्या रविवारपेक्षा दोन जास्त झाले की यांचं समाधान व्हायचं आणि पाय सैल पडायचा. मधून मधून लीनाची बडबडही चालायची. बाबा, डावीकडे ट्रक आहे. बाबा, पुढे गाय. पोरगी बोलघेवडी आहे, एवढंच मला वाटायचं. चौऱ्याहत्तरच्या मार्चपर्यंत आकडा ब्याण्णववर पोचला होता. महाराष्ट्र मंडळात ताशी ब्याण्णव हा शब्द ऐकला नाही असा एकही माणूस उरला नव्हता.

त्या रविवारी लीनाचा घसा बसला होता. आवाज अजिबात फुटत नव्हता, अंगही जरा कोमट होतं. मी म्हटलं, आज जायचं नाही. हे म्हणाले, जाऊ या. मग मी म्हटलं, निदान तिला वाऱ्यात पुढे बसवू नका, पुढे मी बसते. लीनाने माझा पदर ओढून हट्ट केला, डोळ्यांत पाणी आणलं. मी तिला रागावून मागे बसवलं.

पुढे बसल्यावर रस्ता अंगावर येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. झाडं सटासट मागे जायला लागली. यांनी विचारलं, किती? मी जीव मुठीत धरून बसलेली, पण जिभेला काही होत नाही माझ्या. मी म्हटलं, डोळे आहेत ना तुम्हाला, बघा की.

यांनी बघितलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, किती झाले, शकुन? मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, एक रविवार आकड्याशिवाय गेला तर काही बिघडत नाही. गाडी आणखी जोरात निघाली. पुढच्या सीटवर जास्तच जाणवत असेल, अशी मी माझी समजूत घातली.

मागून लीना माझा खांदा हलवायला लागली. तिच्या घशातून नुसती हवा येत होती. "आई, ठेला सांग. बाबांना ठेला सांग."

समोर खरंच एक ठेला होता, बांबूंनी लादलेली हातगाडी, रस्त्याच्या अगदी मधून चाललेली. चांगला दूर होता. दिवसाउजेडी एवढी मोठी वस्तू, त्यात सांगायचं काय? मी यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे समोर बघत होते. ठेला जवळ आला. यांचा पाय ढळला नाही. आणखी जवळ आला, बांबूंना बांधलेलं लाल फडकं मला दिसलं, आणि तरी यांचा चेहरा रिकाम्या रस्त्याकडे बघावं तसाच. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि देवाने पुन्हा दाखवू नये.

मी ओरडले की नाही आठवत नाही. मी दोन्ही हातांनी चाक धरून माझ्याकडे ओढलं. बांबू खिडकीच्या काचेवर खाडकन आपटले, काच फुटली, गाडी कडेच्या गवतात उतरली आणि हिसके खात थांबली. चाक ओढता ओढता मी काट्याकडे बघितलं होतं तेवढं मात्र लक्षात आहे.

लीना सीटच्या खाली पडली होती. तिला कुठे लागलं नव्हतं. मी तिला उचलून बाहेर काढलं. यांच्या गालावर काचेचा एक ओरखडा आला होता. ठेलेवाला पळत आला आणि तावातावाने भांडायला लागला. कुठल्याही गाडीवाल्याला ऐकवतात तेच त्यानेही ऐकवलं. "चोखे देखते पान ना?" डोळ्यांनी दिसत नाही का?

श्यामकांत चाकावर हात ठेवून बसले होते. त्यांनी त्याला मराठीत उत्तर दिलं.

"नाही दिसत."

ठेलेवाल्याला मराठी कळलं नाही. मला कळलं. गावाकडची पत्रं ते माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि मी म्हणायची, नवाब झालात. सकाळचा पेपर लीना वाचून दाखवायची आणि मला कौतुक वाटायचं, की बंगालीत वाढणाऱ्या पोरीचं इंग्रजीही सुधारतंय.

गवतात बसून त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग होता. कडेचं दिसायचं, समोर बघावं तिथे नुसतं धुकं. डॉक्टरांनी आदल्या दुर्गापूजेच्या आधीच गाडी बंद करायला सांगितली होती. ऑफिसात कळलं तर नोकरीचं काय, ही धास्ती होतीच. पण गाडी सोडली की आपण आंधळे झालो हे खरं ठरेल, म्हणून सोडवत नव्हती. रस्ता सरळ आहे, पाठ आहे, आणि बाजूला लीना आहे, असं ते म्हणाले.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पोरीला मारायला निघाला होता तुम्ही, हे त्यातलं सर्वांत सौम्य.

गाडी तिथेच एका मिठाईच्या दुकानाजवळ ढकलून ठेवली. विनायकराव म्हणून यांच्या ऑफिसातले एक जण संध्याकाळी ती आणतील असं ठरवलं आणि आम्ही बस धरली. मागच्या लांब बाकावर लीना आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मग तिने त्यांचा हात धरला आणि बसक्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी मिथ्ये सांगायचे."

खोटं हा शब्द तिला मराठीत पटकन सुचत नाही. यांनी विचारलं, काय सांगायचीस?

"आकडा. पन्नास झाले की मला भय लागायचं. मग मी नव्वद म्हणायचे. मग तुम्ही हळू करायचे."

म्हणजे कुणीच आकडा सांगितला नाही असा तो पहिलाच रविवार होता. यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, म्हणजे मी जिथे असेन असं वाटलं तिकडे. त्यांनी हलकेच विचारलं, आज किती होते? खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मी सांगितलं, ब्याऐंशी. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

लीनाने माझ्या दंडावर डोकं टेकलं. तिला आता झोप येत होती.

"आई, मग रविवारी मी उशिरा उठले तर चालेल?"

मी तिच्या अंगावर पदर ओढला. चालेल, असं श्यामकांतांनीच तिला सांगितलं.