ठमी आणि 'राव'

मित्रांनो, मी मुरलेलं, बेरकी, जातिवंत गाढव आहे. शिवी देत नाही, ओळख करून देतोय. मारुंजीच्या एका कुंभाराघरी जन्मलो, राखेत लोळून मोठा झालो आणि पाठ वजन पेलायला लागली तसा दिघीच्या ज्योतीरामकडे आलो. त्याचा मळा लहान. थोडी ज्वारी, थोडी वांगी, बाकी सगळी भिस्त आमच्या पाठीवर. पन्नास सालानंतर पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती. भट्टीवरून तिथं विटा न्यायच्या, हे आमचं काम.

कळपाचा म्होरक्या मी. नाव फौजदार. खोड्या काढणं हा माझा जोडधंदा. दाव्याची गाठ दातानं सोडायची, वांगी खायची आणि परत येऊन साळसूदासारखं उभं राहायचं. आमची मालकीण शालनबाई शेजारच्या शेळीला शिव्या घालायची. काय मजा यायची म्हणून सांगू!

एका पौषात ज्योतीरामनं जेजुरीच्या बाजारातून नवी गाढवीण आणली. ठमी. तिला शिकवायचं म्हणजे माझ्या शेजारी बांधून चालवायचं. आधी पाठीवर नुसती रिकामी गोणी, मग गोणीत भुसा, मग थोड्या थोड्या विटा. ठमी भराभर शिकली. पण मधेच, काही कारण नसताना, कान मागं पाडून अशी उधळायची की विटा रस्ताभर!

"ही बाराला भितीया," ज्योतीराम म्हणाला. दिघीला लष्कराच्या रानात सरावाचे बार उडायचे ना! त्यानं तिच्या कानात कापसाचे बोळे घातले. ते मी ओढून काढले आणि खाल्ले. बेचव होते. तेवढ्यात धडाडधूम बार झाला. ठमी आपली रवंथ केल्यासारखी कडबा चघळत उभी! ज्योतीरामनं तिकडं पाहिलंच नाही.

पुढच्या खेपेला बांधकामावर पोचलो. तिथला मुकादम समोर उभा. ज्योतीरामनं लांबूनच हाळी दिली, "रामराम उद्धवराव!"

ठमी उधळली. चुना मळायच्या घाणीतून गेली, मुकादमाचं धोतर पांढरं करून गेली.

"गाढवीण हाय का आगीनगाडी?" मुकादम भडकला.

"चुकलं राव, माफी करा..."

ठमी पुन्हा उधळली. उरल्यासुरल्या विटाही गेल्या.

"आता ही परत हितं दिसली, तर तुझ्या विटा बंद. सांगून ठिवतो!"

माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. तुमच्याही आलं असेल. पण माणसांना सांगणार कसं? मी तोंड उघडलं की सगळे कानांवर हात ठेवतात. घरी येऊन ज्योतीरामनं सांगून टाकलं, "हिला चाकणच्या बाजारात दिऊन टाकतो." ठमी माझ्या पाठीवर हनुवटी टेकून झोपायची. नवा मालकही 'राव' म्हणणारच की, आमच्या भागात कोण म्हणत नाही? मग पुन्हा उधळणं, पुन्हा काठी.

दुसऱ्या दिवशी शेजारचा सोनबा आला. ओट्यावर टेकला आणि मी मागून त्याचा पटका दातात धरला.

"आरं सोड की राव! राव, सोड! ज्योतीराम, काय गाढाव हाय राव!"

प्रत्येक 'राव'ला ठमी हातभर उडत होती. शालनबाई पोट धरून हसत होती. हसता हसता ठमीकडं निरखून बघायला लागली.

"सोनबा भावजी, आत्ता काय म्हनलात त्ये परत म्हना."

"सोड की राव, म्हनलं."

ठमीनं दावंच तोडलं.

"बघितलं?" शालनबाई नवऱ्याकडं वळली. "बाराचं काय न्हाई. आदीचा मालक काठी हानताना 'चल राव' म्हनत आसंल."

"मंग आता समद्या पिंपरीला 'राव' म्हनू नका म्हनून सांगू व्हय? मुकादमाचं तर नावच उद्धवराव!"

"पिंपरी ऱ्हाऊ द्या. मी हिलाच शिकवते. काठी खाली ठिवा आदी."

शालनबाई लांब उभी राहायची. हळूच म्हणायची, "राव," आणि लगेच भाकरीचा तुकडा पुढं करायची. ठमी थरथरायची. मग मीच जाऊन तुकडा खायचो, म्हणजे तिला कळावं की 'राव' खाता येतो. असा त्याग मी रोज केला. हळूहळू ठमीचे कान मागं जायचे थांबले. मग ज्योतीरामनं रिकाम्या हातानं, मऊ आवाजात म्हटलं. मग मोठ्यानं. शेवटी सोनबा बांधावरून बोंबलला, तरी ठमी भाकरी शोधत त्याच्याकडे निघाली.

बाजाराच्या आदल्या दिवशी ज्योतीराम हात जोडून मुकादमापुढं उभा राहिला. एक खेप बघा म्हणाला. ठमीच्या पाठीवर भरून विटा. तेवढ्यात वरून गवंडी ओरडला, "ओ उद्धवराव!"

ज्योतीरामनं डोळे मिटून घेतले. ठमीनं कान टवकारले. एकही वीट न हलवता संथ चालत गेली आणि मुकादमाच्या कोटाच्या खिशात तोंड घातलं.

"आरं, काय पायजे हिला?"

"भाकरी, राव," ज्योतीराम म्हणाला आणि ठमी त्याच्याकडं वळली. मुकादम खो खो हसला. चाकणचा बाजार ठमीनं पाहिलाच नाही.

तर मित्रांनो, जनावर बुजलं की काठी शोधू नका. त्या वेळी तुमच्या तोंडून काय निघालं ते आठवा. नाहीच आठवलं, तर हातावर भाकरी घ्या आणि गोड बोलत उभे राहा. ते येईल. आणि शेजारी एखादा म्होरक्या अगदी गरीब चेहरा करून उभा असेल, तर त्यालाही एक तुकडा द्या. शिकवणी काय फुकट होते?