रायगड जिल्ह्याचे संपादक

दत्तात्रेय कोपरकरांनी पेण गाव लेखनसाहित्यातून उचललं आणि रायगड जिल्ह्यात आणून ठेवलं. उचललं म्हणजे माउसचं बटण दाबलं आणि एका रकान्यात नवं ठिकाण लिहिलं, एवढंच. पण ते करून झाल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"झालं का काका?" निशिगंधानं विचारलं. रोह्याच्या बाजारपेठेत तिचा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी मुलं जेवायला गेली की इंटरनेटचं मशीन दत्तात्रेयांच्या ताब्यात असे.

"झालं. पेणच्या पापडवाल्या बायका फाउंटन पेन आणि बॉलपेनांच्या मधे बसवलेल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाय."

"गावाचं नावच तसं आहे. परदेशातल्या माणसाला काय कळणार?"

"नाव वाचून थांबायचं नसतं. आतला मजकूर बघायचा असतो," दत्तात्रेय म्हणाले.

इंटरनेटवर एक मोठी सूची होती. जगभरातल्या वेबसाइट शोधायच्या, त्या विषयवार आणि गाववार लावायच्या, प्रत्येकीखाली दोन ओळींत माहिती लिहायची, हे काम तिथे ठिकठिकाणची माणसं हौसेनं, बिनपगारी करत. दत्तात्रेयांनी टपाल खात्यात पत्रं लावण्यात जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर मस्कतच्या मुलाला ई-मेल करता यावी म्हणून ते निशिगंधाच्या क्लासमध्ये आले. तिनं सहज ही सूची दाखवली, आणि पेनांच्या कप्प्यात पडलेले पापड पाहून त्यांना चुकीच्या पोत्यात गेलेलं पाकीट पाहिल्यासारखं झालं. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार लिहायला लावली. उत्तर आलं की आपलं म्हणणं बरोबर आहे, रायगड जिल्ह्याला सध्या संपादक नाही, आपण सांभाळाल का?

संपादक हा शब्द घरी सांगायची चूक त्यांनी केली. त्यांच्या बायकोनं, सरूनं, तो भाजीबाजारात सांगितला. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. एकानं आळीतल्या बंद दिव्याची बातमी आणली. दुसऱ्यानं वडिलांच्या वर्षश्राद्धाचा फोटो आणला आणि पहिल्या पानावर घ्यायची गळ घातली. धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करून लग्नसराईत बँड चालवणारा गुणाजी तर रोजच येऊन बसू लागला.

"काका, आमचा बँड टाका ना तुमच्या त्याच्यात."

"वेबसाइट हाय का तुझी?"

"वेबसाइट नाय. पण माणसं बारा हायत."

"माणसं नाय चालत, गुणाजी."

गुणाजीला हे कधीच पटलं नाही.

वेबसाइट शोधणं मात्र सोपं नव्हतं. दत्तात्रेय दुकानांच्या पाट्या वाचत, व्हिजिटिंग कार्डं उलटीपालटी करून बघत, धाटावच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला त्याच्या कंपनीची साइट आहे का म्हणून विचारत. पत्ता मिळाला तरी उघडल्यावर बहुतेक ठिकाणी फावड्यानं माती ओढणाऱ्या माणसाचं चित्र दिसे आणि खाली 'काम चालू आहे' असं लिहिलेलं असे. तो माणूस दिसला की साइट घ्यायची नाही, असा नियम होता. रायगड जिल्ह्यात तेव्हा पुष्कळच खोदकाम चालू होतं.

नियम दत्तात्रेयांना आवडत. माहितीत स्तुती नको. 'सर्वोत्तम', 'सुप्रसिद्ध', 'एकमेव' असले शब्द नकोत. आत जे आहे तेवढंच सांगायचं. कुणी आपली साइट पाठवली आणि ती घेण्याजोगी नसली तर कारण कळवायचं. ते कारण एका ओळीत लिहीत आणि खाली 'संपादक, रायगड' असं घालत.

एका दुपारी पाठवलेल्या साइटांच्या रांगेत नवी साइट दिसली. ती उघडताच मशीनमधून घंटा वाजली. दारात आलेल्या दोन मुलांनी सवयीनं हात जोडले. पडद्यावर चारी बाजूंनी दिव्यांची माळ लुकलुकत होती आणि मधे नाव होतं: कोपरकर कलामंदिर, पेण. जगप्रसिद्ध गणेशमूर्तींचे माहेरघर. चालक, महिपती कोपरकर.

"काका, हे आडनाव तुमचंच की," निशिगंधा म्हणाली.

"आडनावं सारखी असतात," दत्तात्रेय म्हणाले, आणि आवाजाचं बटण कुठे असतं ते विचारू लागले.

महिपती त्यांचे थोरले भाऊ. कारखाना वडिलांनी काढला, तो महिपतींनी वाढवला. दत्तात्रेय टपालात लागले तरी सुटीला पेणला जाऊन मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करून देत. एका वर्षी सुटी मिळाली नाही. ते उशिरा पोचले तेव्हा ठाण्याच्या मंडळाची माणसं मोठी मूर्ती न्यायला आली होती. दत्तात्रेयांनी मूर्तीकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, डावा डोळा जरा खाली उतरलाय." मंडळाच्या माणसांनी तोवर काही पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसेना. मूर्ती गेली, पण जाताना तिच्याकडे सगळे मान वाकडी करून बघत होते. महिपती एवढंच म्हणाले, "तू आपली पाकिटं लाव." दत्तात्रेय मिळेल त्या एसटीनं परत आले. पुढच्या भाद्रपदात त्यांनी घरचा गणपती रोह्यातच विकत घेतला. ते कळल्यावर पेणशी येणंजाणं थांबलं.

त्यांनी साइट शेवटपर्यंत वाचली. मग उत्तर लिहिलं: जगप्रसिद्ध हा शब्द चालणार नाही. घंटेचा त्रास होतो. काही पानं उघडत नाहीत. संपादक, रायगड.

चार-पाच दिवसांनी पेणहून पत्र आलं. इंग्रजी महिपतींच्या मुलीचं, प्रतिक्षाचं असणार. पण त्यातला माणूस ओळखू येत होता.

'आदरणीय अमेरिकन साहेब, जगप्रसिद्ध ही स्तुती नसून वस्तुस्थिती आहे. आमच्या मूर्ती दुबईला जातात. तरी आपला मान राखून शब्द काढला आहे. घंटाही काढली आहे.'

"साहेब," निशिगंधा हसून म्हणाली, "तुम्ही अमेरिकेचे कधी झालात?"

दत्तात्रेय हसले नाहीत. पण त्यांनी पाठ ताठ केली. थोरल्या भावानं त्यांना आदरणीय म्हटलं होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं, ही गोष्ट त्यांना मनातून बरी वाटली होती.

साइटवर आता इतिहासाचं नवं पान होतं. 'कै. विठ्ठलराव कोपरकरांनी कारखाना सुरू केला. आज तो त्यांचे चिरंजीव महिपती चालवतात.' दत्तात्रेयांनी पान खालपर्यंत नेलं, परत वर आणलं. चिरंजीव एकच होते.

त्यांनी लिहिलं: इतिहासाचे पान अपूर्ण वाटते.

"काका," निशिगंधानं हळू विचारलं, "इतिहास पुरा पाहिजे, असं नियमात आहे?"

"माहिती खात्रीची असावी असं आहे."

"ही खात्रीची नाही का?"

दत्तात्रेय गुणाजीच्या बँडबद्दल बोलू लागले. गुणाजी आला नव्हता.

पेणहून उत्तर आलं: 'अमेरिकन साहेब, आमच्या घरात माणसं किती हे आपल्याला इतक्या लांबून कसं दिसलं ते समजत नाही. आपली नजर चांगली आहे. पान दुरुस्त केलं आहे.'

दुरुस्त पान निशिगंधानं उघडून दिलं आणि ती फळा पुसायला गेली. फळा पुसून झाल्यावर ती मागे येऊन उभी राहिली.

'विठ्ठलरावांना दोन मुलगे,' असं तिथे लिहिलं होतं. 'धाकटा दत्तात्रेय सरकारी नोकरीत गेला. डोळ्यांची आखणी करावी तर त्यानेच, असं वडील म्हणत. थोरल्याला ते ऐकायला आवडत नसे, पण खरं होतं. तो येईनासा झाल्यापासून आखणीला बाहेरचा माणूस बोलवावा लागतो.'

दत्तात्रेयांनी माउस फिरवून तो परिच्छेद निळा केला. मग पांढरा केला. मग परत निळा केला.

"आता घ्यायची ना साइट?" निशिगंधानं विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "पत्ता पिनकोडासकट पाहिजे होता." पिनकोड पत्त्याखालीच होता.

साइट घेण्याआधीच वरून चिठ्ठी आली. अख्खा महाराष्ट्र कॅनडातल्या मार्गारेट नावाच्या बाईंकडे होता. त्या कधी भारतात आल्या नव्हत्या, पण रत्नागिरी आणि रायगडात त्यांची गल्लत होत नसे. त्यांनी अदबीनं लिहिलं होतं की एकच साइट दोनदा परत गेलेली दिसते, आणि चालकाचं आडनाव आपलंच आहे. आपला काही संबंध आहे का? असल्यास नियमाप्रमाणे ती साइट माझ्याकडे द्यावी. एका शब्दात कळवलं तरी पुरे.

दत्तात्रेयांनी 'नाही' लिहिलं. ते खोटं नव्हतं, असं त्यांचं मत होतं. पण पाठवायच्या बटणावर हात जाईना. त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि ते घरी गेले.

सरू भाकऱ्या थापत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"पेणच्या दादाशी आपला संबंध आहे का?"

तिनं वळून पाहिलं. "आज काय मधेच?"

"एका बाईंनी विचारलंय."

"कोण बाई?"

"कॅनडाच्या. त्यांना एका शब्दात उत्तर पाहिजे."

सरूनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. मग म्हणाली, "संबंध नाय. भाऊ हाय."

"हे एका शब्दात बसत नाय."

"मग दोन शब्द लिवा. कॅनडात शब्दांचा तुटवडा हाय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर पाठवलं. होय, थोरला भाऊ. आधीच सांगायला हवं होतं, हेही खाली लिहिलं, आणि साइट मार्गारेटबाईंच्या हवाली केली. निशिगंधानं ते वाचलं. त्या दिवशी तिनं दोन चहा मागवले.

आठवड्यात साइट सूचीवर आली. मार्गारेटबाईंनी लिहिलं होतं: 'पेण येथील मातीच्या मूर्तींचा कारखाना. छायाचित्रे, इतिहास व पत्ता.' दत्तात्रेयांनी ते पाहिलं आणि जागा बरोबर आहे याची खात्री केली. मग घरी न सांगता ते एसटी स्टँडवर गेले. वडखळ नाक्यावर बस बराच वेळ थांबली तेव्हा उतरून परत जावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण खिडकीतली जागा सोडवेना.

कारखान्यात न रंगवलेल्या मूर्ती ओळीनं मांडल्या होत्या. प्रतिक्षा दाराशी साच्यांवरची धूळ झटकत होती. तिनं वर पाहिलं आणि फडकं हातातच राहिलं.

"काका," ती म्हणाली.

महिपती आत पाठमोरे बसून एका मूर्तीचं बोट साफ करत होते. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"अमेरिकेवरून कवा उतरलास?"

दत्तात्रेयांचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, एक बाहेर. त्यांनी प्रतिक्षाकडे पाहिलं.

"काका, रायगडच्या पानाखाली संपादकाचं नाव असतं ना," ती ओशाळून म्हणाली. "पहिलं उत्तर आलं त्याच दिवशी दिसलं मला. बाबांना दाखवलं, तर म्हणाले, तू सायबच लिही."

दत्तात्रेयांनी दुसरा पाय आत घेतला.

"मग घंटा कशाला काढलीस, दादा?"

"सायबाला तरास व्हत व्हता ना." महिपतींनी मूर्तीचं बोट फुंकून पाहिलं. "च्या ठेव गो," ते मुलीला म्हणाले. ती आत गेल्यावर त्यांनी हातातली पट्टी बाजूला ठेवली आणि पंच्याला हात पुसले.

"ज्या बाईचं पत्र आलं तिनं लई थोडक्यात उरकलं," ते म्हणाले. "मूर्तींचा कारखाना. बस. एवढं तर पेणातलं कुत्रंबी सांगंल. तू का नाय लिवलंस?"

"मला चालत नाय."

"का नाय चालत?"

"भावाचं आपण लिहायचं नसतं," दत्तात्रेय म्हणाले. "नियमच हाय तसा."

महिपतींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. नियम मनाशी तोलून बघितल्यासारखं त्यांनी थोडा वेळ घेतला.

"बरा नियम हाय," ते म्हणाले, आणि शेजारच्या पाटावर रंगांच्या वाट्या मांडल्या होत्या, त्या एकेक करून खाली ठेवून पाट मोकळा करू लागले.